होडी कुठे थांबली, ते आधी विचारा

प्रवासवर्णन हे इतिहासाचं साधन आहे, हे वाक्य आपण सगळ्यांनीच एम.ए.च्या पेपरात लिहिलेलं असतं. ते साधन वापरायचं कसं, हा प्रश्न मात्र परीक्षेत क्वचित येतो. पीएच.डी.च्या मुलाखतीत तो नक्की येतो. तुमच्या आराखड्यात 'प्राथमिक साधने' या मथळ्याखाली एखादं प्रवासवर्णन असेल, तर तयारी आत्ताच केलेली बरी.

आज एक उदाहरण घेऊ. किनारा स्कॉटलंडच्या पश्चिमेचा, हेब्रिडीज बेटांचा. प्रवासी दोन. दोघेही खासगी शिडाच्या जहाजातून फिरले, रात्री जहाजावर राहिले आणि दिवसा किनाऱ्यावर उतरून पाहणी केली. दोघांच्या मध्ये ७२ वर्षांचं अंतर आहे. दोघेही एकाच बेटावर उतरले. बेटाचं नाव रम. (नावावर जाऊ नका!)

पहिलं जहाज : १७७२

टॉमस पेनंट हा वेल्सचा निसर्ग-अभ्यासक. त्याने ९० टनांचं एक जहाज भाड्याने घेतलं. सोबत कोण होतं ते नीट बघा: जॉन लाइटफूट हा वनस्पतिशास्त्रज्ञ, मोझेस ग्रिफिथ हा चित्रकार आणि जॉन स्टुअर्ट हा गेलिक भाषा जाणणारा धर्मोपदेशक. पेनंटला स्वतःला गेलिक येत नव्हती. म्हणजे बेटावरच्या माणसांचं म्हणून जे काही त्याच्या पुस्तकात आलं, त्यातलं बरंचसं दुभाष्याच्या तोंडून आलं.

रमवर त्याने ५९ कुटुंबं आणि ३२५ माणसं नोंदवली. लोक दिसायला धडधाकट, पण चेहऱ्यावर उपासमार दिसते, उन्हाळाभर बेटावर धान्याचा दाणा नसतो, असंही त्याने लिहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच पुस्तकात स्टाफा बेटाचंही वर्णन आहे. तिथले बेसाल्टचे खांब वाचकांना फार आवडले. पण पेनंट स्टाफावर उतरलाच नव्हता! हवामान बरं नव्हतं, जहाजाच्या कप्तानाने धोका पत्करला नाही. पुस्तकातलं वर्णन जोसेफ बँक्सचं आहे. तो त्याच उन्हाळ्यात आइसलंडला जाताना तिथे उतरला होता. पेनंटने हे लपवलेलं नाही. पण आपण घाईत "पेनंटने स्टाफा पाहिलं तेव्हा..." असं लिहून मोकळे होतो. पुस्तक एका माणसाचं असलं तरी त्यातली प्रत्येक नोंद त्याची असेलच असं नाही.

दुसरं जहाज : १८४४

ह्यू मिलर मूळचा पाथरवट. पुढे भूगर्भाचा अभ्यासक आणि एडिंबरोच्या 'विटनेस' वृत्तपत्राचा संपादक झाला. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि वेगळी 'फ्री चर्च' स्थापन झाली. मिलरचं वृत्तपत्र या नव्या चर्चच्या बाजूचं होतं. त्याचा शाळासोबती जॉन स्वानसन हा एग, रम वगैरे छोट्या बेटांचा धर्मोपदेशक होता. तोही नव्या चर्चमध्ये गेला, त्यामुळे घर गेलं. एगवर घरासाठी त्याला जागा मिळाली नाही. मग त्याने 'बेट्सी' नावाच्या छोट्या जहाजावरच बिऱ्हाड केलं. मिलर त्याचा पाहुणा म्हणून जीवाश्म शोधायला आला.

रमवर उतरल्यावर मिलरला दिसल्या उजाड दऱ्या, पडलेल्या घरांचे पाये आणि गवताखाली गेलेल्या जुन्या शेतांच्या खुणा. एका मेंढपाळ व्यावसायिकासाठी आणि ८,००० मेंढ्यांसाठी सुमारे ४०० माणसं हलवली गेली, असं त्याने लिहिलं. तो मेंढीवालाही बुडाला होता आणि बेट विकायला निघालं होतं.

मधली ७२ वर्षं

आता खरा प्रश्न. या दोन पुस्तकांच्या मध्ये जे घडलं, ते दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नाही. १८२६ साली सुमारे ३०० माणसं जहाजांत बसवून कॅनडातल्या केप ब्रेटनला पाठवली गेली. १८२८ मध्ये आणखी सुमारे ५० गेली. त्यांच्या प्रवासाचं भाडं मालकाने भरलं आणि थकलेला खंड सोडून दिला. हे सगळं जमवून आणणाऱ्या मध्यस्थाची साक्ष १८२७ साली ब्रिटिश संसदेच्या स्थलांतर समितीसमोर झाली. लोक खुशीने गेले का? काही गेले, काहींची इच्छा नव्हती, असंच त्या साक्षीतूनही निघतं.

इथे पेनंटची ती उपासमारीची ओळ परत येते. ती घेऊन कुणी म्हणेल, 'बघा, लोक उपाशीच होते, हलवलं ते बरंच झालं.' मिलरचं पुस्तक घेऊन दुसरा म्हणेल, 'निव्वळ अन्याय.' पण पेनंटने भूक पाहिली ती १७७२ ची. १८२६ च्या निर्णयाचा तो पुरावा होत नाही. आणि मिलरचा राग खरा असला तरी जमीनदारांशी त्याच्या चर्चचं भांडण चालू होतं. त्याचा ४०० हा आकडाही ऐकीव आहे. याचा अर्थ मिलर खोटा असा नाही. घरांचे पाये त्याने डोळ्यांनी पाहिले, ते साक्ष म्हणून पक्कं. आकडा मात्र वेगळा तपासायला हवा. एकाच परिच्छेदात दोन दर्जाचा पुरावा असतो, तो वेगळा करणं हीच साधनचिकित्सा.

१९५७ पासून रम हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. आजही खासगी नौका त्याच्या पूर्वेच्या खाडीत नांगर टाकतात. डेकवरून दिसतात मोकळे डोंगर, हरणं, पक्षी. "किती अस्पर्श जागा!" असं कुणालाही वाटेल. पण तो मोकळेपणा निसर्गाने दिलेला नाही, तो माणसांनी माणसांना हलवून तयार केलेला आहे.

तुम्ही काय कराल?

कुठलंही किनाऱ्याचं प्रवासवर्णन हातात घेतलंत की वहीत चार रकाने आखा.

१. जहाज कुठे थांबलं आणि कुठे थांबू शकलं नाही? रमला चांगला नांगरतळ पूर्वेलाच आहे. इतर वस्त्या डोंगरापलीकडे होत्या.

२. जहाजावर कोण होतं? पैसे कुणाचे, दुभाषा कोण?

३. लेखकाने पाहिलं काय, ऐकलं काय आणि दुसऱ्याकडून उतरवून घेतलं काय?

४. या जहाजाच्या आधी आणि नंतर तिथे कोण येऊन गेलं? मधल्या काळासाठी दुसऱ्या जातीचं साधन कोणतं आहे: साक्ष, खंडवसुलीची वही, जहाजाची प्रवासी यादी?

चौथा रकाना भरायला सगळ्यात जड जातो. बहुतेक वेळा तो रिकामाच राहतो आणि तुमच्या प्रबंधाचा विषय तिथेच सापडतो. रमची माणसं दोन्ही पुस्तकांत आहेत, एकात आकडा म्हणून आणि दुसऱ्यात पडलेल्या भिंती म्हणून. त्यांचं स्वतःचं म्हणणं शोधायचं असेल, तर केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर उतरावं लागेल.