परसातले तळे गोठते तेव्हा...

ब्रिटनमध्ये घरामागील बागेत छोटेसे तळे राखून त्यात गोल्डफिश किंवा जपानी कोई मासे पाळण्याची हौस अनेकांना असते. हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरला, की या तळ्यांवर बर्फाचा थर धरतो. मासे गारठून मरतील, अशी भीती नवख्यांना वाटते. परंतु पुरेशा खोल तळ्यात खरा धोका थंडीचा नसून कोंडमाऱ्याचा असतो.

पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके असल्याने वरच राहते आणि पृष्ठभाग आधी गोठतो. तळाशी तुलनेने उबदार पाणी टिकते व तेथे मासे जवळजवळ निश्चल राहून हिवाळा काढतात. म्हणूनच तळ्याचा काही भाग तरी किमान ६० सेंटिमीटर खोल असावा. कॅनडासारख्या अतिथंड प्रदेशात खोली त्याहून बरीच अधिक लागते.

तळाशी साचलेली पाने कुजताना प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड यांसारखे वायू तयार होतात. बर्फाच्या झाकणामुळे ते आतच कोंडतात. त्यामुळे सगळे तळे बर्फमुक्त ठेवण्याची गरज नसते; वायूंना वाट मिळेल एवढी जागा उघडी राहिली तरी पुरते. त्यासाठी पाण्यावर तरंगणारा लहान विजेचा हीटर वापरतात. हवेचा पंप लावल्यास त्याची नळी तळाशी सोडू नये. तसे केल्यास खालचे उबदार पाणी ढवळून थंड होते. विजेची सोय नसल्यास गरम पाण्याचे पातेले बर्फावर धरून भोक पाडावे. हातोड्याने बर्फ फोडणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्या हादऱ्यांनी माशांना इजा पोहोचू शकते. तळ्यात उकळते पाणी किंवा मीठ टाकणेही घातक ठरते.

बर्फावर भुसभुशीत हिम साचल्यास ते काठावरूनच झाडून काढावे. प्रकाश आत पोहोचला, की पाण्यातील वनस्पती प्राणवायू निर्माण करतात. पाण्याचे तापमान १० अंशांखाली गेल्यावर माशांचे पचन मंदावते, तेव्हा नेहमीचे खाद्य बंद करावे. न खाल्लेले खाद्य कुजून पाणी बिघडते.

अर्थात, खरी तयारी पानगळीच्या दिवसांतच करावी लागते. तेव्हा तळ्यावर जाळी ताणून पाने अडवली आणि साचलेला गाळ उपसला, तर बर्फाखाली कोंडणारे विषारी वायू मुळातच कमी होतात.