आधी डोळा बघितला

बार्शी लाइटच्या छोट्या गाडीबद्दल आजीचं एक ठरलेलं वाक्य होतं : "चालत्या गाडीतनं उतरावं, शेंगा घ्याव्यात, नि पळत येऊन त्याच डब्यात बसावं." हे ती शंभरदा सांगे आणि आम्ही शंभरदा हसत असू. त्याच गाडीतून तिनं आपल्या सासूला मिरजेला नेलं होतं. ती गोष्ट मात्र ती हसत सांगत नसे.

गाव कवठेमहांकाळच्या पुढचं, ढालगावच्या बाजूचं. पाऊस पडला तर पडला. साल विचारलं तर आजीची खूण एवढीच, की थोरल्याच्या वेळी ती पोटुशी होती आणि राज्य अजून इंग्रजाचं होतं. सासूच्या, म्हणजे तिच्या आत्याबाईंच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. चुलीतला निखारा दिसेना, म्हणून हात भाजून घेतलेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, मिरजेला न्या, मिशनच्या दवाखान्यात.

त्या टापूत 'मिरजेला नेलं' या दोन शब्दांत सगळं येई : दुखणं मोठं आहे, घरचे उपाय थकले आहेत, आणि आशाही आहे. आमच्याकडचा माणूस तिथं उतरे, तसा बेळगाव-धारवाडकडचा कानडी माणूसही. हे नाव मिळवलं ते डॉ. विल्यम वॉनलेस यांनी. हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे 1889 साली हिंदुस्थानात आला, आणि 1894 साली मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, ही गोष्ट त्यांनी अचूक हेरली होती. आजी गेली तेव्हा वॉनलेस हयात नव्हते, 1933 सालीच ते वारले. पण लोकांच्या तोंडी दवाखाना साहेबाचाच होता. सांगली-मिरजेच्या मधे वॉनलेसवाडी आजही आहे.

आजोबांच्या धोतराच्या सोग्यात अकरा रुपये बांधलेले होते. गाडीभाडं जाऊन किती उरले याचा हिशेब आजोबा वाटभर करत होते. "पर इचारलं न्हाई कुणी, पैका हाय का म्हणून," आजी सांगे. "आधी डोळा बघितला."

तेव्हा मोतीबिंदू काढला की रोग्याला दिवसेंदिवस उताणं निजवून ठेवत. दोन्ही डोळ्यांना पट्टी, आणि मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. आत्याबाई अशा पडून होत्या आणि आजी बाहेर, इतर रोग्यांच्या नातलगांबरोबर तीन दगडांची चूल मांडून भात शिजवत होती. सकाळी वॉर्डात येशूची भजनं होत. धर्मप्रसार हा मिशनचा हेतू होताच, त्यांनी तो लपवलाही नव्हता. आजीचं त्यावर मत : "त्येंचं गाणं त्येंनी म्हणावं, आपला डोळा आपुन घिऊन यावा." खाटेला खाट लागून कुठल्या जातीचं माणूस आहे, हे पट्टी बांधलेल्या आत्याबाईंना कळायला मार्ग नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या बाईची लेक त्यांना दिवसभर पाणी पाजत होती. पट्टी सुटल्यावर त्यांनी त्या पोरीकडे टक लावून पाहिलं, आणि ती कोण ते त्यांना कळलं. बोलल्या काही नाहीत. गावी आल्यावर मात्र डोक्यावरून आंघोळ करून देवापुढं दिवा लावला. तो कशासाठी, हे विचारायची सुनेची छाती नव्हती.

दवाखाना नव्हता म्हणून गावात औषधपाण्याची काहीच रीत नव्हती, असं मात्र नाही. हाड बसवणारा होता, वैदू यायचा, आणि सुईण होती. थोरल्याच्या वेळी, त्याच पावसाळ्यात, मध्यरात्री गुडघाभर चिखलातून ती आली. बाळंतीण अडलेली असताना उंबऱ्यात उभं राहून कुणी पायलीचा भाव करत नसे. बाराव्याला खण-नारळ, सुगीला जोंधळे, हे ठरलेलंच. पण ती सुईण मांगवाड्यातली. नाळ तिनं कापायची, पहिली आंघोळ तिनं घालायची, आणि बारावं उरकलं की तीच उंबऱ्याबाहेर उभी, जोंधळे वरून पदरात. जुन्या गावाचं कौतुक मला त्या उंबऱ्यापर्यंतच करवतं.

मिरजेहून निघताना कारकुनानं विचारलं, काय देता येईल? आजोबांनी सोगा सोडला. त्यातले परतीच्या भाड्याचे पैसे कारकुनानं मोजून परत दिले आणि उरलेल्याची पावती फाडली. दोन वर्षांनी शाळू बरा आला तेव्हा आजोबा एक पोतं गाडीत घालून मिरजेला देऊन आले. "त्ये देणं ऱ्हायलं हुतं," आजी म्हणे. तिच्या लेखी देणेकरी आम्ही होतो.

साधारण त्याच सुमारास दिल्लीत हा हिशेब उलट्या बाजूनं मांडला जात होता. सर जोसेफ भोर यांची समिती 1943 साली नेमली गेली आणि 1946 साली तिचा अहवाल आला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणीही उपचारावाचून राहू नये, हे त्यातलं पायाभूत तत्त्व. म्हणजे देणेकरी समाज, आणि आमच्या आत्याबाई घेणेकरी. आजीला हे सांगितलं असतं तर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

मला ते पटलं एका काउंटरपाशी. काही वर्षांपूर्वी चुलतभावाला मोटारसायकलवरून पडल्यावर शहरातल्या एका बड्या ट्रस्टच्या रुग्णालयात नेलं. डोक्याला मार, कानातून रक्त. "डिपॉझिट भरा, मग फाइल पुढे जाईल," असं उत्तर मिळालं. मी एटीएम शोधत धावलो, काकू गळ्यातलं काढून हातात धरून बसली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच एका रोग्याच्या भावानं सांगितलं, अहो, हे धर्मादाय आहे, योजना आहे. तिचा फलक होता, कुंडीतल्या झाडामागे.

ही योजना मुंबई उच्च न्यायालयानं 2006 साली घालून दिली. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवायच्या, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. शिवाय एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. यात दानधर्म कुठं आला? करसवलत घेतलेली असते, पुष्कळांना जागाही सरकारी. 'धर्मादाय' या शब्दानंच घोटाळा केला आहे, असं मला वाटतं. त्या शब्दापुढे मागणारा आपोआप वाकतो आणि देणाऱ्याची मान आपोआप ताठ होते.

भाऊ वाचला. काकूचं मंगळसूत्र सोडवायला दीड वर्ष लागलं.

तेव्हा एवढं करा. रुग्णालयाच्या नावात 'ट्रस्ट' किंवा 'फाउंडेशन' दिसलं तर काउंटरवर पहिला प्रश्न विचारा, ते धर्मादाय योजनेत आहे का, आणि समाजसेवा विभाग कुठं आहे? रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ असू द्या. नसला, तर रोगी आत जाऊ द्या आणि मागून आणा. तातडीच्या रुग्णाला अशा रुग्णालयानं आधी दाखल करून घ्यायचं असतं आणि त्याच्याकडे डिपॉझिट मागायचं नसतं. हे त्याच योजनेत लिहिलेलं आहे.