शस्त्रक्रिया फसली, की निष्काळजीपणा झाला?

नाक सुबक करून घेण्यासाठी शस्त्रक्रिया केली, पण नाक मनासारखे झाले नाही. याला डॉक्टरांचा निष्काळजीपणा म्हणायचे का? या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर घडण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

प्लास्टिक सर्जरी म्हणजे शरीराच्या भागाला आकार देणारी शस्त्रक्रिया. १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याचे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे सुमारे वर्षभराने पुण्याजवळ त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बनवण्यात आले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तिकडे तशीच शस्त्रक्रिया केली.

कावसजीला नाकच उरले नव्हते. जे मिळाले तो लाभच होता. केवळ सौंदर्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणारा माणूस मात्र धडधाकट असतो. त्यामुळे धोके आणि मर्यादा त्याला आधी सांगणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

निष्काळजीपणाची कसोटी मात्र नाकाच्या नव्हे, तर मांडीच्या हाडाच्या खटल्यातून मिळाली. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. पुण्यात पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवले गेले, आणि त्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला, असे न्यायालयांना आढळले. वडिलांना तीन हजार रुपये भरपाई मिळाली. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये हा निकाल कायम केला. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणते उपचार करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही बाबतींत डॉक्टरांनी वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. यशाची हमी मात्र कायदा मागत नाही.

तेव्हा दाद मागायची तर दिवाणी न्यायालयात जावे लागे. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय दिला. त्यामुळे बोरिवली, अंधेरी, घाटकोपर वा मुलुंडच्या रहिवाशाला वांद्र्यातील उपनगर जिल्हा ग्राहक मंचाचा रस्ता मोकळा झाला. २०१९ च्या कायद्यानंतर मंचाला ‘आयोग’ म्हणतात. तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते.

मग नाक वाकडे राहिले, एवढे सांगून भागते का? नाही. व्रण किती राहील हे त्वचेच्या भरून येण्यावरही अवलंबून असते. आवश्यक तपासण्या वगळल्या, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसूनही दुर्लक्ष केले, असे काही दाखवावे लागते. संमतीचा प्रश्न वेगळा आहे. एका प्रक्रियेची संमती घेऊन दुसरी करता येत नाही, हे २००८ च्या समीरा कोहली निकालाने स्पष्ट केले. आधी काय सांगितले होते, हे ठरवताना संमतिपत्र, आधीची छायाचित्रे आणि केसपेपर बोलतात. रुग्णाने मागितल्यास ही कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे.

वर्गात या विषयावर बोलताना मुलांना एवढे जरूर विचारावे : परिणाम वाईट झाला याचा पुरावा, आणि कृती चुकीची होती याचा पुरावा, हे दोन्ही एकच आहेत का? विज्ञानाप्रमाणे न्यायातही कार्यकारणसंबंध सिद्ध करावाच लागतो.