दमलेल्या बाबाचा कबुलीजबाब

(खास प्रतिनिधी)

मराठी कवितेने आणि गीताने आईला नेहमीच मानाचे स्थान दिले. कवी यशवंतांची 'आई' असो वा साने गुरुजींची 'श्यामची आई', मातृप्रेमाचे उमाळे मराठी मनाला परिचयाचे आहेत. वडील मात्र बहुधा कर्तव्यकठोर आणि अबोलच राहिले. या अबोल बापाला बोलते करणाऱ्या मोजक्या रचनांत संदीप खरे यांच्या 'दमलेल्या बाबाची कहाणी' या गीताचा व त्याच नावाच्या अल्बमचा उल्लेख करावा लागेल.

भावगीताच्या परंपरेत कवी, संगीतकार आणि गायक बहुधा वेगवेगळे असत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या 'गीतरामायणा'त शब्द ग. दि. माडगूळकरांचे होते आणि संगीत सुधीर फडके यांचे. १९७३ साली जन्मलेल्या खरे यांनी 'दिवस असे की' या अल्बममध्ये आपलेच शब्द आपल्याच आवाजात मांडले. 'मौनाची भाषांतरे' आणि 'नेणिवेची अक्षरे' हे त्यांचे काव्यसंग्रह. २००३ मध्ये संगीतकार सलील कुलकर्णी यांच्यासमवेत त्यांनी 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम सुरू केला आणि नवी पिढी पुन्हा कवितेकडे वळली.

'नामंजूर'मध्ये स्वतःच्या अटींवर जगू पाहणाऱ्या तरुणाचा बाणा होता. 'दमलेल्या बाबा'त तो बाणा गळून पडतो. रात्री उशिरा घरी परतलेला बाप झोपी गेलेल्या लेकीपाशी आपल्या थकव्याची, तिच्या हुकलेल्या बालपणाची आणि ती सासरी जाईल त्या दिवसाच्या धास्तीची कबुली देतो. चाल बोलण्याच्या लयीजवळ राहते, त्यामुळे शब्द थेट काळजाला भिडतात. पुरुषाने हळवे होणे हा कमीपणा नव्हे, हे या गीताने कोणताही उपदेश न करता सांगितले.

गीतातला बाप शहरी नोकरदार आहे. बीड जिल्ह्यात मात्र या कहाणीला वेगळीच धार येते. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी या तालुक्यांतील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पती-पत्नीची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुले एकतर फडावर सोबत जातात, नाही तर गावी आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. शहरातला बाबा निदान उशिरा का होईना, रोज घरी परततो. येथे बापाबरोबर आईही पाच-सहा महिने दूर असते.

जात्यावरच्या ओव्यांतून मराठवाड्यातील बायांनी आपले दुःख पिढ्यान्‌पिढ्या मोकळे केले. पुरुषाच्या वाट्याला अशी मोकळीक फारशी आली नाही. 'दमलेल्या बाबाची कहाणी'चे मोल त्यामुळेच मोठे आहे. पाचटात राबून कोपीत परतणाऱ्या बापालाही लेकीची अशीच आठवण येत असेल. त्याची कहाणी त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच आवाजात सांगणारा अल्बम या मातीतून कधी येणार, हा प्रश्न मराठी गीतापुढे आहे.