विहिरीवरचा बल्ब: साक्षीदार नेमकं काय बघत होता?

मोबाईलवर फोन आला की मागचा फ्लॅश लुकलुकावा, अशी सेटिंग तुमच्यापैकी काहींनी केली असेल. आयफोनमध्ये ही सोय २०११ साली आली, मुख्यतः ऐकू न येणाऱ्यांसाठी. पण काही घडलं की दिवा आपोआप लागावा, ही युक्ती आपल्या शेतात जुनीच आहे. जळोचीपासून इंदापूरपर्यंत कुठेही विचारा. मोटारीच्या पेटीजवळ एक बल्ब, त्याचं बटण कायम चालू. रात्री घरातून तो पेटलेला दिसला की समजायचं, लाईट आली. मग बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं.

आता समजा, तुम्ही शेतीच्या विजेच्या इतिहासावर काम करताय. मुलाखतीत एक आजोबा म्हणतात, "रात्री दोनला लाईट आली, पण मोटार जळली." तुम्ही टिपता: 'पुरवठा सुरू, रात्री २. मोटार निष्काळजीपणामुळे जळाली.' थांबा. आजोबांनी वीज पाहिली नव्हती, बल्ब पाहिला होता.

थ्री-फेज मोटारीला तिन्ही फेज लागतात. बल्ब मात्र एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात जोडलेला, म्हणजे तो एकाच फेजची बातमी देतो. म्हणून तर पॅनेलवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे आले. डीपीकडे येणाऱ्या ११ केव्हीच्या तीन तारांपैकी एक तुटली, तर साधारणपणे एका फेजवर पूर्ण दाब मिळतो आणि उरलेल्या दोनांवर निम्मा. जुना तारेचा बल्ब अशा वेळी मिणमिणायचा. जाणता माणूस लांबूनच सांगायचा, "आज मोटार लावू नको." थोडक्यात, तो पिवळा बल्ब व्होल्टमीटरचं काम करत होता.

पुढे बल्बच बदलला. लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली दाखवला. तेजस्वी निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये जाहीर केला आणि त्यातून पांढऱ्या दिव्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे २०१५ च्या उजाला योजनेने एलईडी बल्ब स्वस्तात घरोघरी पोचवले. वीज वाचली, हे खरंच. पण बऱ्याच एलईडी बल्बांमधलं सर्किट दाब कमी झाला तरी उजेड जवळपास तसाच ठेवतं. त्यामुळे मिणमिणण्यातून मिळणारी सूचना गेली. बल्ब लख्ख, फेज कमी, आणि मोटारीचं वाइंडिंग जळालेलं.

म्हणजे आजोबांचं वाक्य खोटं नाही आणि ते निष्काळजीही नव्हते. कदाचित त्यांचं साधन बदललं होतं. तुम्ही ते विचारलं नाही, तर प्रबंधात एका माणसावर विनाकारण ठपका बसेल. आणि छापलेला ठपका सहज पुसत नाही.

तेव्हा मुलाखतीला जाताना तीन प्रश्न वहीत लिहून न्या: बल्ब कोणता होता? किती फेजवर होता? घरातून खरंच दिसायचा का? सबस्टेशनच्या नोंदवहीतली वेळ आणि शेतकऱ्याला कळलेली वेळ वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. पुढे पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'सारख्या उपकरणांनी पंप मोबाईलला जोडले, तरी प्रश्न तोच राहतो: सूचना नेमकी कशावरून निघाली?

दिवा लागला, एवढ्यावर विसंबू नका. तो कशामुळे लागला, ते शोधा.