कालप्रवासाचा रूपबंध आणि मराठी कुमार-कादंबरी

मराठी कादंबरीच्या आरंभकाळाविषयी भालचंद्र नेमाडे यांनी केलेली तीन प्रवृत्तींची मांडणी आता अभ्यासकांच्या अंगवळणी पडली आहे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) पासून वास्तवाभिमुख, लक्ष्मणशास्त्री हळब्यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) पासून अद्भुतरंजक आणि रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड' (१८७१) पासून ऐतिहासिक, असे हे तीन प्रवाह. या मांडणीच्या आधारे आपण जे लिहिले गेले त्याचे वर्गीकरण करतो. जे लिहिले गेले नाही त्याचा विचार मात्र सहसा करीत नाही. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी वर्तमानातून भूतकाळात जाते, तिथे तिला कोणी भेटते आणि भेटींमागून भेटी होत, मंद आचेवर, त्यांच्यात प्रीती निर्माण होते, हा कादंबरीप्रकार जगभरच्या कुमार वाचकांत आज रूढ आहे. केर्स्टिन गीअर या जर्मन लेखिकेची २००९ पासून प्रसिद्ध झालेली कादंबरीत्रयी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. मराठीत या प्रकाराची एखादी तुरळक संहिता सापडेलही. परंपरा मात्र झाली नाही. ती का झाली नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

कालप्रवासाची कल्पनाच आपल्याला परकी होती, हे उत्तर टिकणारे नाही. विष्णुपुराणात आणि भागवताच्या नवव्या स्कंधात रेवतीची कथा आहे. राजा ककुद्मी आपल्या मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. गंधर्वांचे गायन संपेपर्यंत थांबतो. आणि तेवढ्या अवधीत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेलेली असतात. मनात योजलेले सारे वर नामशेष झालेले. मग रेवती बलरामाला दिली जाते. ती जुन्या युगातली म्हणून फार उंच. विष्णुपुराणातला बलराम तिला नांगराने ओढून आपल्या काळाच्या मापात बसवतो. कालप्रवास, विवाह आणि कालविसंगतीचे देहावर उमटलेले चिन्ह, सगळे इथे आहे. नाही ते एवढेच की, रेवतीला कोणी काही विचारत नाही. बापाचे थांबणे कथेला चालते, मुलीचे थांबणे कथेत येतच नाही. संथ प्रीतीची कादंबरी तर नेमकी मुलीच्या थांबण्यावर उभी असते.

आधुनिक मराठीत कालप्रवास म्हटले की प्रथम जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवते. पानिपतावर विश्वासरावाला लागलेली गोळी दुसऱ्या एका जगात कानाजवळून निघून जाते आणि इतिहास वेगळी वाट धरतो. ही कथा वर्गात शिकवताना आमच्या बागलाणातील एका विद्यार्थिनीने म्हटले होते, "मॅडम, पण गंगाधरपंत तिकडे कुणाच्या घरी गेलेच नाहीत." हे निरीक्षण मला त्या कथेवरच्या पुष्कळशा समीक्षेपेक्षा मोलाचे वाटते. गंगाधरपंत वस्तुतः भूतकाळात जातच नाहीत. ते जातात एका समांतर वर्तमानात, आणि पानिपत त्यांना भेटते ते ग्रंथालयातल्या छापील पानांवर. मुंबईत ते आपल्या मुलाची चौकशी करतात तेव्हा त्या नावाचा कोणी तिथे नसतो. कथेतला हा एकच क्षण नात्याचा आहे, आणि निवेदन तिथे थांबत नाही. नारळीकरांना हा दोष लावण्याचे कारण नाही. त्यांना कार्यकारणाचा प्रश्न मांडायचा होता आणि तो त्यांनी चोख मांडला. पण मराठी मनाने हीच कथा उराशी धरली, यात काही सूचित होते. भूतकाळ आपल्याकडे दुरुस्त करायची जागा आहे, कोणाला भेटायची नव्हे.

याउलट फिलिपा पिअर्स यांची 'टॉम्स मिडनाइट गार्डन' (१९५८) पाहावी. रात्री घड्याळात तेराचे टोले पडतात आणि टॉम जुन्या बागेत जातो. तिथे हॅटी भेटते. टॉमचे वय तेच राहते; हॅटी मात्र भेटीगणिक मोठी होत जाते, आणि एका रात्री ती त्याच्या हातची राहिलेली नसते. बाख्तिनने ग्रीक रोमान्सच्या कालावकाशाविषयी म्हटले आहे की, तिथला साहसकाल नायक-नायिकांवर एकही ओरखडा उमटवत नाही. ताटातूट, संकटे, पुनर्मीलन होऊनही ती होती तशीच असतात. आपली 'मुक्तामाला' याच काळात वावरते. संथ प्रीतीत प्रत्येक भेट काही ना काही बदलून जाते. म्हणजे ज्या प्रवाहाकडून मराठीला अद्भुत आणि शृंगार मिळायचा, त्याच्यापाशी या कामाला लागणारा काळच नव्हता.

कुमार-साहित्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. त्याचे पहिले वाचक शिक्षक आणि पालक. साहस, विज्ञान, किल्ले त्यांना चालले. प्रीती त्यांनी महाविद्यालयीन कादंबरीकडे, म्हणजे फडक्यांकडे, सोपवून दिली.

खरी अडचण मला भाषेची वाटते. सटाण्याहून निघालेली कालप्रवासी मुलगी कुठे जाईल? ऐतिहासिक कादंबरीच्या सवयीने ती १६७२ च्या साल्हेरच्या रणात जाईल, आणि तिथे भाषा तयारच आहे : बखरींच्या आधाराने कादंबरीकारांनी घडवलेली, सगळ्यांच्या तोंडी एकच शोभणारी 'शिवकालीन' मराठी. पण ती मुल्हेरला गेली तर? मयूरगिरीवर नारायणशहाच्या आश्रयाने रुद्रकवीने १५९६ मध्ये वीस सर्गांचे 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' रचले. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागुलांचे राज्य घेतले. दरबाराचे काव्य संस्कृतात. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला खानदेश. आणि पाणवठ्यावरचे बोलणे कोणत्याही काव्यात न आलेले. दोन काळांतली माणसे एकमेकांना हळूहळू कळत जाणे म्हणजे मुख्यतः एकमेकांचे शब्द कळत जाणे. आमच्या ऐतिहासिक कादंबरीने भाषेतली ही फट आधीच बुजवून टाकली, आणि तीतच हा रूपबंध वाढू शकला असता.

त्याच विद्यार्थिनीने पुढे स्वाध्याय म्हणून चार पाने लिहून आणली. तिची नायिका मुल्हेरच्या पायथ्याशी पोहोचते आणि समोरचा मुलगा विचारतो, "तुन्हं नाव काय शे?" मी समासात लिहिले की, आजची अहिराणी सोळाव्या शतकात जशीच्या तशी नेता येणार नाही. तिने वही परत आणली तेव्हा ते वाक्य तसेच होते. फक्त खाली एक ओळ वाढली होती : नायिकेला ते पहिल्यांदा कळले नाही, म्हणून त्याने पुन्हा विचारले.