गावरस्त्याचा पैसा : एक आण्यापासून मनिलापर्यंत

रस्त्यांच्या इतिहासाचा विषय निघाला की आपण नाणेघाटाकडे वळतो, नाहीतर शेरशहाच्या सडकेकडे. या धाग्यात मात्र फार साध्या रस्त्याविषयी लिहायचे आहे. जेमतेम पावणेचार मीटर रुंद, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला बाभळी, वाडीपासून निघून मोठ्या रस्त्याला मिळाला की संपणारा. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरमध्ये, चौदाही तालुक्यांत असे रस्ते आहेत. प्रश्न एवढाच की त्यांचा पैसा आला कोठून? हा हिशेबनिसाचा प्रश्न वाटेल. पण पैसा जिथून आला, त्यावरच रस्ता कोणत्या दिशेला गेला, कशाचा बनला आणि किती वर्षे टिकला हे ठरत आले आहे.

जिल्ह्याला आज ज्यांचे नाव आहे त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातील चौंडीच्या. त्यांनी देशभर बांधलेले घाट, विहिरी, धर्मशाळा यांचा खर्च प्रामुख्याने त्यांच्या 'खासगी'तून झाला. म्हणजे लोकोपयोगी बांधकाम हा दानधर्माचा भाग होता. त्याचे कर्ज कोणाच्या डोक्यावर नव्हते. शंभर वर्षांच्या आत हा विचार पूर्ण बदलला.

मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेण्याला कायद्याचा आधार मिळाला. याला 'लोकल फंड' म्हणत. त्यातील दोन तृतीयांश रस्त्यांना व एक तृतीयांश शाळांना. सोळा आण्यांच्या रुपयावर एक आणा ही रक्कम किरकोळ वाटते, पण तत्त्व महत्त्वाचे होते : गावच्या रस्त्याचा खर्च गावच्या शेतकऱ्याने द्यायचा. यात एक उघड अडचण होती. ज्या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा, तिथे सारा कमी. सारा कमी, म्हणून फंडही कमी. आणि दुष्काळात सारा तहकूब झाला की रस्त्याची गंगाजळीही आटणार. नगरच्या दक्षिण भागात हे वारंवार घडण्यासारखेच होते.

गंमत अशी की नगरसारख्या जिल्ह्यात मोठी कामे झाली ती दुष्काळातच. १८७६-७८ च्या दुष्काळात सरकारने लोकांना फुकट धान्य देण्यापेक्षा काम देण्याचे धोरण ठेवले. १८७८ मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाचे बरेचसे मातीकाम दुष्काळग्रस्तांच्या हातून झाले. आज नगर स्थानकावरून जाणाऱ्या गाड्या त्याच मार्गाने धावतात. 'खडी फोडायला जाणे' हा शब्दप्रयोग आपल्या आजीपणजींच्या बोलण्यात आला तो अशाच कामांतून.

हाच धागा शंभर वर्षांनी पुन्हा सापडतो. १९७२ च्या दुष्काळात मे १९७३ पर्यंत राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्याने पक्की झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. तिच्या नियमात खर्चाचे प्रमाण होते ६०:४०. किमान साठ टक्के अकुशल मजुरी, उरलेले साहित्य व इतर. या एका आकड्यात त्या काळच्या गावरस्त्याचे सारे चरित्र आहे. मजुरीवर साठ टक्के खर्च करायचा तर मातीकाम करावे लागते, मुरूम पसरावा लागतो, खडी फोडावी लागते. डांबर, रोलर, पक्की मोरी यांना पैसा उरत नाही. त्यात नगरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रस्ता नकाशावर येई आणि दोन पावसाळ्यांत जमिनीवरून जाई.

माझ्या मते तरीही त्या रस्त्यांना 'वाया गेलेला पैसा' म्हणणे अन्याय्य आहे. त्यांचा पहिला हेतू रस्ता नव्हताच, घरातली चूल पेटती ठेवणे हा होता. शिवाय रस्त्याची रेघ एकदा पडली, जमीन एकदा सुटली, की पुढच्या पिढीचे काम सोपे होते. हे लक्षात ठेवा. मनिलाच्या कर्जाकडे येताना त्याचा उपयोग होईल.

जिल्ह्याच्या उत्तरेत गोष्ट वेगळी घडत होती. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस आला, आणि १९५० च्या अखेरीस लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. तोडलेला ऊस थांबत नाही. उशीर झाला की वजन घटते, साखर उतरते. म्हणून कारखान्याला फडापर्यंत रस्ता हवाच, तोही ऐन हंगामात चालणारा. ऊस वाहून नेणाऱ्या भागात रस्त्यामागे एक संघटित गरज उभी राहिली. पाथर्डी-जामखेडकडून जी माणसे कोयता घेऊन तो ऊस तोडायला येत, त्यांच्या स्वतःच्या वस्तीच्या रस्त्यामागे तशी ताकद नव्हती. एकाच जिल्ह्यातील ही दोन टोके मला कोणत्याही आकडेवारीपेक्षा बोलकी वाटतात.

कारभाराच्या बाजूनेही गावरस्ता शेवटच्या पायरीवरच होता. १९४३ च्या नागपूर योजनेने देशातील रस्त्यांची उतरंड लावली : राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि तळाला गावरस्ते. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग त्यांच्याकडे गेले. जबाबदारी आली, तेवढा पैसा आला नाही.

आता विकास बँकांकडे वळू. स्वतंत्र भारताला जागतिक बँकेचे पहिले कर्ज १९४९ मध्ये मिळाले ते रेल्वेसाठी. आशियाई विकास बँक १९६६ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय मनिला. भारत संस्थापक सदस्य असूनही त्याने १९८६ पर्यंत तिच्याकडून कर्ज घेतले नाही. गावच्या रस्त्यासाठी बँकेचे कर्ज, ही कल्पनाच तेव्हा विचित्र वाटली असती. धरणातून वीज विकता येते, रेल्वेला तिकीट असते. वाडीच्या रस्त्यावर टोल कोण देणार?

ती कोंडी फोडली आपल्याच बँकेने. १९९५-९६ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंग यांनी नाबार्डमध्ये २,००० कोटी रुपयांचा ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी जाहीर केला. त्याची रचना विलक्षण आहे. ज्या व्यापारी बँका शेतीला ठरलेल्या प्रमाणात कर्ज देत नाहीत, त्यांनी तुटीचा पैसा या निधीत ठेवायचा. नाबार्ड तो राज्य सरकारांना कर्जाऊ देते. सुरुवातीला भर रखडलेल्या सिंचनकामांवर होता, लवकरच ग्रामीण रस्ते व पूल आले. थोडक्यात, शेतकऱ्याला जे पीककर्ज मिळाले नाही, ते त्याच्या बांधाजवळ डांबर होऊन आले. परतफेड सात वर्षांत, त्यातील पहिली दोन सवलतीची.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. तिचा मुख्य आधार होता डिझेलवरील उपकर. या योजनेला हातभार लावायला आशियाई विकास बँकेने २००३ मध्ये मध्य प्रदेश व छत्तीसगडसाठी ४० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. महाराष्ट्र त्यात नव्हता. आपल्याकडे बहुतेक मोठ्या वस्त्यांपर्यंत काही ना काही रस्ता आधीच पोहोचला होता, आणि त्यांपैकी कित्येकांच्या तळाशी दुष्काळातील व रोजगार हमीतील मातीकामच होते. आपली गरज नवा रस्ता ही नव्हती. आहे तो बारमाही करणे ही होती.

म्हणूनच ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री ग्राम सडक योजनेत भर दर्जोन्नतीवर होता. मनिलाचे कर्ज आले ते या टप्प्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये २० कोटी डॉलर मंजूर झाले, ३४ जिल्ह्यांतील २,१०० किलोमीटरसाठी. ऑगस्ट २०२१ मध्ये आणखी ३० कोटी डॉलरच्या करारावर सही झाली : १,१०० रस्ते, २३० पूल, एकूण २,९०० किलोमीटर. मुंबईचे दोन जिल्हे वगळता सारा महाराष्ट्र त्यात आहे, नगरही.

हा पैसा येतो कसा? बँक कर्ज देते केंद्र सरकारला. २००५ पासूनच्या व्यवस्थेनुसार केंद्र ते जसेच्या तसे, त्याच अटींवर राज्याकडे सोपवते. म्हणजे डॉलर महागला तर तो फटका राज्याच्या तिजोरीला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ७१ रुपयांच्या आसपास होता, २०२३ अखेर तो ८३ वर गेला. वाडीवरच्या माणसाला याचा पत्ता नसतो. पण १८६९ चा एक आणा आता तो जीएसटीतून भरतो आहे, एवढे खरे.

आणखी एक तुलना करण्याजोगी आहे. २०२१ च्या वाढीव कर्जातून बांधकाम व पाच वर्षांची देखभाल मिळून सुमारे ३१ लाख मनुष्यदिवस रोजगार अपेक्षित धरला होता. मे १९७३ मध्ये त्याहून अधिक माणसे एका दिवसात कामावर होती! रस्ता तोच, पण तेव्हा तो माणसांना काम देण्यासाठी बांधला जाई. आता यंत्रे तो कांदा-दुधासाठी बांधतात.

या कर्जात मला रकमेपेक्षा ती 'पाच वर्षे' अधिक महत्त्वाची वाटतात. लोकल फंडापासून रोजगार हमीपर्यंत बांधण्यासाठी पैसा कसाबसा मिळे, राखण्यासाठी मिळत नसे. साईडपट्टी खचली, मोरी तुंबली, पहिला खड्डा पडला, तेव्हाच चार पाट्या मुरूम व थोडे डांबर टाकले तर रस्ता वाचतो. ही क्षुल्लक डागडुजी करारातच बांधून घेण्याची पद्धत प्रधानमंत्री योजनेने आणली आणि बँकेच्या प्रकल्पातही ती राहिली. त्यात उणीवही दिसते. पाच वर्षांनंतर तो रस्ता पुन्हा जिल्हा परिषदेच्या तुटपुंज्या तरतुदीवर येतो, आणि हंगामात त्यावरून ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरून जातच असतात. मनिलाचा हप्ता मात्र रस्ता राहिला काय, उखडला काय, राज्याला भरावाच लागतो.

२०२२ मध्ये पूर्ण झालेल्या रस्त्याची ही मुदत २०२७ मध्ये संपते. गावी गेलात तर रस्त्याच्या तोंडाशी उभा असलेला फलक वाचा. लांबी, ठेकेदार, रक्कम यांच्या खाली देखभाल-दुरुस्तीचा तपशील असतो. तो कोणत्या साली संपतो ते पाहा, आणि त्यापुढचा खर्च कोणाच्या खात्यात आहे हे ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळाले तर इथेही कळवा; पुढच्या धाग्याला ते उपयोगी पडेल.